एकेचाळीस सेकंद

नागपूरच्या शिशुदृष्टी प्रयोगशाळेत मोठ्या माणसांना चपला दाराबाहेर काढाव्या लागत, आणि आवाजही. आत आठ महिन्यांची जुई तिला सांभाळणाऱ्या यमूबाईंच्या मांडीवर बसून एका लाल चेंडूकडे बघत होती. चेंडू फळीवर पडला आणि थांबला. नजर किती वेळ खिळली ते मोजणाऱ्या, काचेपलीकडच्या नेत्रमापकावर आकडा उमटला : नऊ सेकंद. मग जुईनं मान वळवली आणि यमूबाईंची बांगडी चावायला घेतली.

दुसऱ्या खेपेला चेंडू फळीतून आरपार खाली गेला. ती अर्थात हातचलाखी होती. पण जुईची नजर तिथेच खिळली. अडतीस सेकंद.

"शाबास!" डॉ. फिरोज तडवी म्हणाले आणि मान्यता समितीसाठी चित्रण चालू होतं, म्हणून कॅमेऱ्याकडे वळून समजावू लागले. "घट्ट वस्तूतून दुसरी वस्तू जात नाही, हे हिला पक्कं कळलंय. जे घडूच नये ते घडलं की मूल बघत राहतं. ओळखीच्या गोष्टीकडे एकदा बघून ते मोकळं होतं."

"आणि ही ओळख ते शिकतं कसं?" त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या शर्वाणीला विचारलं.

"डोळे आणि हात मिळून. जे दिसलं ते हाताला लागलं, की ते खरं. तिसऱ्या ते आठव्या महिन्यात हा हिशेब सगळ्यात जोरात चालतो," ती म्हणाली. हे तिला पाठ होतं. पंधरा वर्षांपूर्वी तडवी सरांनीच तिला ते शिकवलं होतं.

डॉ. शर्वाणी बोकारे ही जुईची आई, आणि छायापाळण्याचीही. या पाळण्यावर हवेतच, प्रकाशानं रेखलेला आईचा चेहरा तरंगत असे. आई जगाच्या पाठीवर कुठेही कॅमेऱ्यासमोर बसली की तो चेहरा त्याच क्षणी हसे, गाई, बाळाच्या हुंकाराला हुंकार देई. सहाशे घरांत त्याच्या चाचण्या चालू होत्या. स्वतः शर्वाणी त्याच कामासाठी जर्मनीला गेली तेव्हा जुई तीन महिन्यांची होती, आणि परतली ती पाच महिन्यांनी. "पण मी रोज सहा तास तिच्याजवळच होते," असं ती सगळ्यांना सांगे. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगे.

परतून दहाच दिवस झाले होते. पहिल्या दिवशी तिनं जुईला उचललं, तेव्हा लेक तिच्या तोंडाकडे टक लावून बघतच राहिली. यमूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहा ना ताई, कशी पाहून राहिली तुमच्याकडे! माझ्याकडे तर पाहतच नाही, नुसते केस ओढते." त्यांनी लगेच जुईच्या गालाला काजळाची तीट लावली. शर्वाणीनं मात्र शास्त्रज्ञाच्या सवयीनं नेत्रमापक लावला. एकेचाळीस सेकंद! पाच महिने पोटात रुतलेला काटा त्या आकड्यानं निघाला. तिनं तो छायापाळण्याच्या मान्यतेसाठी समितीला द्यायच्या अहवालात पहिल्याच पानावर घातला. खाली सहाशे घरांतल्या आयांच्या पत्रांतली वाक्यं होती, आणि जवळजवळ प्रत्येकीनं तेच लिहिलं होतं : घरी आले की बाळ टक लावून बघतं.

प्रयोग संपला तशी शर्वाणी आत गेली आणि तिनं जुईला कडेवर घेतलं. नेत्रमापक चालूच होता. थोड्या वेळानं तडवींनी चित्रण थांबवलं.

"शर्वाणी, जरा बाहेर ये."

पडद्यावर दोन आलेख होते. बाहुल्या किती रुंदावल्या, पापण्या किती वेळ थांबल्या, श्वास कुठे अडला, सगळं त्यांत होतं. नावं त्यांनी हातानं झाकली होती. "एक चेंडूचा आहे, एक तुझा. तुझा कुठला?"

हा काय पोरखेळ, असं तिच्या मनात आलं. तिनं दोन्ही नीट पाहिले, फरक सापडेना, शेवटी डावीकडच्यावर बोट ठेवलं. तडवींनी हात काढला. तो चेंडूचा होता.

तडवींनी हळूच विचारलं, "यमूबाईंकडे ती किती वेळ बघते?"

"चार सेकंद."

"का?"

"कारण त्या... हाताला लागतात," शर्वाणी म्हणाली.

पाच महिने रोज जुईनं तिच्या नाकाकडे हात नेला होता, आणि रोज तो हात आरपार जाऊन मागे टांगलेल्या चिमणाळ्याच्या चिमण्यांना लागला होता. तिकडे कॅमेऱ्यासमोर बसून शर्वाणी स्वतः त्याला खळखळून हसली होती. लेकीनं शहाण्या मुलीसारखा निष्कर्ष काढला होता : हा चेहरा म्हणजे वस्तू नाही. आता तोच चेहरा घट्ट झाला होता, त्याला वास होता, हात होते. जगात घडूच नये असं काहीतरी रोज तिला कडेवर घेत होतं.

"मी खोलीतून गेले की ती रडत नाही, सर. दाराकडेही बघत नाही. पाळण्याच्या वर बघते. मी म्हणत होते, किती गुणी आहे. मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी मला."

"हो," तडवी म्हणाले. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. "माझंही चुकलंच, मीही सही केली आहे. अहवाल सोमवारी जायचा आहे. काय करायचं?"

"थांबवा."

ती रजा घेऊन घरी बसली. छायापाळण्याची तार तिनं स्वतः काढली. दिवसभर जुईसमोर बसायचं आणि तिला नाक, कान, केस, काय हवं ते ओढू द्यायचं, एवढंच तिचं काम होतं. लेक बोट लावी, थबके, पुन्हा लावी. प्रत्येक वेळी तो थबकलेला हात शर्वाणीला स्वतःच्या अपराधाची आठवण करून देई. सदतीस सेकंद. एकतीस. मध्येच एक दिवस पुन्हा चाळीस, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी जुईनं तिचं नाक पकडलं, नखानं ओरबाडलं, आणि लगेच मान वळवून वाटीतल्या चमच्याकडे झेप घेतली. चार सेकंद.

"हे पाहा बाप्पा! आता पाहतही नाही आईकडे. दृष्टच लागली पोरीला," यमूबाई हळहळल्या. "रडू नका ताई, पाहील पुन्हा." रडता रडता शर्वाणी हसत होती, आणि त्यांना समजावून सांगणं तिला त्या क्षणी जमण्यासारखं नव्हतं.

त्याच दुपारी ती पत्र लिहायला बसली. 'तुमचं बाळ तुमच्याकडे टक लावून बघतं ते ओढीनं नव्हे, आश्चर्यानं. चूक माझी आहे. पाळणा बंद करा आणि बाळ तुम्हाला कंटाळेपर्यंत त्याच्याजवळ बसा.'

मग तिनं नावं घालण्यासाठी सहाशे घरांची यादी उघडली. पहिली आई गस्ती जहाजावर अधिकारी होती, परत यायला पाच महिने. दुसरी आखाती देशात परिचारिका, दोन वर्षांचा करार. तिसरी तुरुंगात होती. शर्वाणी खाली खाली वाचत गेली. बाळाजवळ बसता आलं असतं, तर यांतल्या एकीनंही हा पाळणा घेतला नसता.