चौथ्या बुडीचा वेटसूट

पहिलवानाला स्वतःच्या कमरेचं बकल उघडता येईना, तेव्हा बोक्याला आधी हसूच आलं.

नाव नुकतीच धक्क्याला लागली होती. दिवसातली चौथी बुडी आटोपून गिऱ्हाइकं केस झटकत उतरत होती. पहिलवान हा मुंगीच्या मामाच्या स्कूबा केंद्राचा नवा गाइड, गिऱ्हाइकांना पाण्याखाली नेणारा. दोन्ही बगलांत एकेक सिलिंडर मारून जिना चढणारा हा गडी आता वजनाच्या पट्ट्याच्या एवढ्याशा बकलाशी झटापट करत होता आणि बोटं नुसती घसरत होती. बोक्याने विचारलं, "काय रे, मदत करू का?" त्यावर पहिलवान जे काही बोलला ते कुणालाच कळलं नाही. त्याची जीभ जड झाली होती.

मुंगी मात्र हसली नाही. हे सगळं तिने पाहिलं होतं. याच धक्क्यावर, चार आठवड्यांपूर्वी, तिच्या बाबांच्या बाबतीत.

बाबा या केंद्रात अकरा वर्षं गाइड होते. त्या दिवशी चौथ्या बुडीला त्यांनी आठ जणांना खाली नेलं, सात जणांना वर आणलं आणि "आठ" असं मोजून नाव सोडायला सांगितलं. आठवा माणूस दोन-तीन मिनिटांनी आपला आपण वर आला. सुखरूप होता, पण ओरडून त्याने धक्का डोक्यावर घेतला. बाबांचे हात थरथरत होते, वाक्य जुळत नव्हतं. मग मामाने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्यांचा पट्टा ओढून काढला. "भावोजी, तुम्ही पिऊन पाण्यात उतरलात!"

बाबांना धड नाहीसुद्धा म्हणता आलं नाही, आणि तेच त्यांना भोवलं. नोकरी तिथल्या तिथे गेली. आता ते पार्सलच्या गोदामात खोकी उचलायचे. ते रस्त्याने जाऊ लागले की कोपऱ्यावरची माणसं आवाज खाली करायची. आईची तर दोन्हीकडून कोंडी झाली होती. एकीकडे सख्खा भाऊ, दुसरीकडे नवरा. ती दोघांशीही कामापुरतंच बोलायची.

आणि मुंगी? तिने घरभर बाटली शोधली होती. चपलांच्या खणात, टाकीच्या मागे, बाबांच्या अवजारांच्या पिशवीत. बाटली सापडली नाही. तेव्हा तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिला वाटलं, बाबा लपवण्यात भलतेच पटाईत दिसतात.

आता समोर पहिलवान तसाच लडखडत होता. हा पहिलवान खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून बघायचा आणि नको म्हणून परत द्यायचा. त्याने दारू प्यायली असं त्याच्या शत्रूनेही म्हटलं नसतं.

"बोक्या, हसू नकोस. डॉक्टरणीला बोलाव," मुंगी म्हणाली.

बोका म्हणजे मामाचा मुलगा. डॉक्टरीण म्हणजे शेजारच्या नर्सबाईंची मुलगी. तिच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या जागी थर्मामीटर असायचा आणि सुट्टी लागल्यापासून तिने आळीतल्या मांजरांनाही सोडलं नव्हतं. ती धावत आली. तिने पहिलवानाला आडोशाला बसवलं, त्याचा ओला रबरी वेटसूट उतरवायला लावला, दोन ब्लँकेटं गुंडाळली आणि थर्मामीटर जिभेखाली ठेवून तीन मिनिटं तोंड मिटायचा हुकूम सोडला. पारा पस्तीसपर्यंतही चढला नाही. तिने तो झटकून पुन्हा लावला. तरी तेच.

"याचं अंग गार पडलंय," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

बोक्याने तिला वेड्यात काढलं. समुद्राचं पाणी अठ्ठावीस अंश होतं, कोमटच म्हणायचं. त्यात कोण गारठणार? पण नर्सबाई आल्या, पहिलवानाला तपासून गरम गोड चहा पाजला आणि त्यांनी मुलीचंच म्हणणं उचलून धरलं. अंग सदतीस अंश असतं, त्याहून गार पाण्यात ते हळूहळू ऊब गमावत राहतं. पाणी कोमट असलं की थंडी लवकर जाणवत नाही इतकंच. अंग फार गार पडलं की बोटं ऐकत नाहीत, जीभ अडखळते, साधी मोजदाद चुकते. "बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस प्यायलाय," ब्लँकेट सारखं करता करता त्या म्हणाल्या. आपण कुणासमोर काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मुंगीला मात्र घरातला चपलांचा खण आठवला.

एक कोडं उरलंच होतं. त्याच पाण्यातून गिऱ्हाइकं हसत वर येत होती. मग गाइडच का गारठतात?

वेटसूट वाळत घालायच्या दांडीशी बोक्याला ते सापडलं. धुतलेले सूट टांगायचं काम या सुट्टीत तिघांच्याच गळ्यात पडलं होतं, पण इतके दिवस त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. पुढचे सूट गिऱ्हाइकांचे, दरवर्षी नवे. जुने झाले की ते गाइडकडे यायचे आणि फाटेपर्यंत तिथेच राहायचे. शेवटच्या खुंटीवर बाबांचा सूट अजून लटकत होता. नव्या सुटावर आणि त्याच्यावर एकच आकडा छापला होता, तीन मिलिमीटर.

"हातात धरून बघ," बोका म्हणाला. "हे तीन, आणि हेही तीन?"

दोन्ही सूट घेऊन तिघं समोरच्या लेथवाल्या काकांच्या कारखान्यात शिरली. काकांनी हात पुसले, जाडी मोजायचा कॅलिपर काढला आणि रबर दाबलं जाणार नाही अशा बेताने मोजलं. नवा सूट बरोबर तीन भरला. बाबांचा पाठीवर दीड होता, छातीवर त्याहूनही कमी. काकांनी त्याचा एक झिजलेला कोपरा भिंगाखाली धरून दाखवला. या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, ऊब धरतात ती तेच. रोज खोल पाण्याचा दाब बसून बसून ते चेपून मेले होते.

"याला वेटसूट नाही, सदरा म्हणा," काका म्हणाले.

मुंगीने केंद्राच्या भिंतीवरचा तक्ता पुन्हा वाचला. सत्तावीस अंशांच्या वर पाणी असेल तर तीन मिलिमीटर पुरे, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. तक्ता खोटा नव्हता. पण तो चाळीस मिनिटं पोहून चहा प्यायला वर येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी होता. दिवसातून चार वेळा, आठवड्याचे सहा दिवस, शिकाऊ लोकांसमोर तळाशी गुडघे टेकून न हलता बसणाऱ्या माणसासाठी त्यात एकही ओळ नव्हती. त्यात बाबा काडीसारखे. चार बुड्यांच्या मध्ये ते ओल्या सुटातच नावेवर वारा खात सिलिंडर बदलायचे.

हे सगळं मुलांनी मामाला सांगितलं. मामाने कपाळाला हात लावला. पहिलवानाला कसली तरी साथ लागली असेल म्हणे! समोर पाच गिऱ्हाइकं सूट निवडत होती, त्यामुळे त्याला आणखीच चेव आला. "अठ्ठावीस अंशात मी दिवसभर लोळून दाखवीन."

"मग लोळ ना, पप्पा," बोका म्हणाला. "दोन तास. गाइडच्या सुटात, न हलता."

गिऱ्हाइकं हसली आणि मामा अडकला. केंद्रामागच्या सरावाच्या हौदात, पहिलवानाच्या जुन्या सुटात, कमरेला वजनाचा पट्टा बांधून, तो गळ्याइतक्या, अठ्ठावीस अंशांच्याच पाण्यात पायरीवर बसला. डॉक्टरीण काठावर घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन बसली. पहिला अर्धा तास मामा गाणी म्हणत होता. तासाभराने त्याने गप्पा बंद केल्या. अंगाने चांगला भरलेला म्हणून तो इतका तरी टिकला. पावणेदोन तासांनी त्याचे दात वाजायला लागले तेव्हा डॉक्टरणीने त्याला बाहेर काढलं.

"पप्पा, तेवढे सिलिंडर मोज," बोका म्हणाला.

भिंतीशी तेरा सिलिंडर होते. मामाने बारा मोजले, मग चौदा, मग चिडून पट्टा काढायला गेला. बकल उघडेना. तो काहीतरी बोलला, पण शब्द तोंडातच अडकले.

मुंगी त्याच्या अगदी जवळ गेली. "मामा, तू पिऊन पाण्यात उतरलास," ती हळू आवाजात म्हणाली.

मामाने ब्लँकेट ओढून घेतलं आणि अंगातल्या सुटाचं रबर चिमटीत धरून बघितलं.

मग कौतुकाला नुसतं उधाण आलं. लेथवाल्या काकांनी तिघांच्या पाठी थोपटल्या, नर्सबाईंनी लेकीला जवळ घेतलं. संध्याकाळी मामा घरी आला आणि पोरांचं किती कौतुक करू नि किती नको असं त्याला झालं. बाबांना तो म्हणाला, उद्यापासून या. नवा पाच मिलिमीटरचा सूट, आत आणखी एक थर, डोक्याला टोपी आणि दिवसाला दोनच बुड्या. पहिलवानालाही तसंच. चुकलो, हेही तो म्हणाला, पण दार लोटून घेऊन, खाली बघत.

"जिथे बोललास तिथे बोल," बाबा म्हणाले.

मामा गेल्यावर मुंगी जिन्यात बाबांशेजारी जाऊन बसली. "बाबा, मी बाटली शोधली होती."

"माहीत आहे. अवजारांच्या पिशवीतले पाने उलटेपालटे ठेवले होतेस," बाबा म्हणाले. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर मामाने खरंच सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज मोठा होता, लपवाछपवी नव्हती. आमचे गाइड प्यायलेले होते असा आरोप मी केला, तो खोटा होता, चूक माझ्या सुटांची होती आणि ती या पोरांनी शोधून काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोक्याने वाकून सलाम केला.

मुंगी समोरच्या चेहऱ्यांकडे बघत होती. सगळे नवे, परवा-काल आलेले. तो आरोप ज्यांनी ऐकला होता ते तर केव्हाच आपापल्या गावी निघून गेले होते. तिथे जेवताना, पाहुण्यांसमोर, ते एका पिऊन पाण्यात उतरलेल्या गाइडची गोष्ट सांगत असणार. त्यांना कोण जाऊन सांगणार?

टाळ्या थांबल्यावर एक बाई आपल्या मुलाचा हात धरून मामाकडे आल्या. आवाज त्यांनी खाली केला होता, तरी मुंगीला ऐकू आलं.

"तुमचं पटलं हो आम्हाला. पण आमच्याबरोबर दुसरा कुणी गाइड मिळेल का?"

मामाने एकदा बाबांकडे पाहिलं. बाई गिऱ्हाईक होत्या. शेवटी तो म्हणाला, "मिळेल की."

बाबांनी ते ऐकलं. त्यांनी त्या मुलाच्या खांद्यावरचा पीळ पडलेला पट्टा सरळ करून दिला, पहिलवानाला हाक मारून मूल त्याच्या स्वाधीन केलं आणि उरलेल्या सहा जणांना घेऊन ते नावेत बसले. मामाने मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, शाबास. मुंगीने डोकं बाजूला घेतलं.