ओटीवरचा पिवळा खोका

“हे मी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही,” दाजी झोपाळ्यावर मांडी घालत म्हणाले, “म्हणून तर पहिल्यांदा तुला सांगतोय.”

शलाका अजून पायरीवरच होती. पाठीला पिशवी, हातात मावशीने दिलेला फणसपोळीचा डबा. शनिवारी ती आणि आई चिपळूणला मावशीकडे बारशाला गेल्या होत्या. आज बुधवार. ती सकाळच्या विजेवरच्या एसटीने पुढे आली होती, आई मागून स्कूटरने येणार होती.

दाजी म्हणजे तिचे आजोबा. त्यांच्या गोष्टी ऐकायची शलाकाची एक रीत होती. ऐकायचं सगळं, आणि मनातल्या मनात निम्मं वजा करायचं. पण आज वजाबाकी सुरू होण्याआधीच तिची नजर ओटीच्या कोपऱ्यात गेली.

तिथे एक खोका होता. कधीकाळी पांढरा असावा, आता जुन्या दातासारखा पिवळा. एका बाजूचं झाकण काढलेलं, आत हिरवी पाटी, तारांचा गुंता आणि खरखरत फिरणारा छोटा पंखा. बाहेरून आलेली इंटरनेटची तार या खोक्यात शिरत होती, आणि खोक्यातून दुसरी तार माजघराकडे जात होती.

“हे काय?”

“तेच सांगतोय, बाय. बस तरी.”

माजघराच्या भिंतीत दिवाणजी होता. सन २०५१ मध्ये गुहागरच्या बाजूच्या बहुतेक घरांत असा बोलका संगणक असायचा. पंप चालू करायचा, दार उघडायचं, आलेली पत्रं वाचून दाखवायची आणि सगळ्या नोंदी ठेवायच्या, ही त्याची कामं. नोंदी ठेवतो म्हणून आईनेच त्याचं नाव दिवाणजी ठेवलं होतं.

“दिवाणजी, आज कुठल्या वाफ्याला पाणी?” शलाकाने आत ओरडून विचारलं.

बऱ्याच वेळाने आवाज आला, तोही खोल गेलेला. “ताई, जरा सबुरीनं घ्या. आठवतंय तेवढं आठवतोय.”

शलाका उरलेल्या पायऱ्या एकदम चढून ओटीवर आली. कारण दिवाणजीच्या आठवणीत जायफळाची नोंदवही होती.

जायफळाच्या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. फळ धरते ती मादी, पण दहा-वीस माद्यांमागे एखादा नर लागतोच. आणि रोप लहान असताना तो नर की ती मादी, हे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आई खात्रीच्या झाडाची काडी आणून कलम बांधायची, कलमाला फक्त क्रमांकाचा बिल्ला लावायची, आणि कुठला क्रमांक कुठल्या झाडाचा हे दिवाणजीला सांगायची. रोपवाटिकेत अशी चारशे बारा कलमं होती. नोंदवही गेली तर ती चारशे बारा मुकी रोपं. त्यातली शेवटची तेवीस शलाकाने शुक्रवारी स्वतः बांधली होती. तिची पहिलीच.

“दाजी, नोंदवही आहे ना?”

“ऐक तर.”

“आधी ते सांगा.”

“आधी सांगितलं तर गोष्ट राहते कुठे?” दाजींनी झोपाळ्याला पायाने रेटा दिला. “दिवाणजी आला तेव्हा त्याला घरची रीत मी शिकवली. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय परत पाठवायचं नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“तो पडला आज्ञाधारक. बाकीच्यांची यंत्रं नको असलेली पत्रं दारातूनच वाटेला लावतात. आपला दिवाणजी येईल त्या पत्राला थेट माजघरात नेऊन बसवायचा. रविवारी सकाळी पत्रांचा लोंढा आला. तासाभरात नऊ हजार.”

“नऊ हजार?”

“बरं, नऊशे. एक म्हणतो, चंद्रावरच्या मातीचं केसांचं तेल घ्या. दुसरा म्हणतो, मंगळावरचे तुमचे काका गेले, त्यांची आमराई तुमच्या नावावर केली आहे.”

“मंगळावर आमराई?”

“कलमी होती म्हणे.”

अशा पत्रांना स्पॅम (न मागता, एकाच वेळी हजारो लोकांना पाठवलेली पत्रं) म्हणतात, हे शलाकाला शाळेत सांगितलं होतं.

“स्पॅम नुसता भुणभुण करतो,” दाजी म्हणाले. “पण त्यातल्या एकाच्या काखेत गाठोडं होतं. म्हणजे जोडफाइल, पत्राला बांधून पाठवलेली. वर लिहिलं होतं, जुन्या रेडिओचे न मिळणारे सुटे भाग, घरपोच. आणि आत व्हायरस.”

दाजींच्या खोलीत अकरा जुने रेडिओ होते. त्यातले दोन बोलायचे.

“व्हायरस म्हणजे तापाचा असतो तसा?”

“नाही ग. तो तापाचा निसर्गात असतो, हा माणसाने लिहिलेला. प्रोग्रॅमच तो. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राने ओळीने काय काय करायचं त्याची यादी. पंपाच्या यादीत लिहिलेलं असतं, पाणी सोड, दहा मिनिटं थांब, बंद कर. या लबाडाच्या यादीत लिहिलेलं, माझी एक नक्कल काढ. नकलेनेही तेच करायचं. आणि वाटेत जी नोंद भेटेल तिची अक्षरं उलटीपालटी करून टाकायची. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा फेऱ्यांत किती?”

शलाकाने बोटांवर मोजलं. “एक हजार चोवीस.”

“वीस फेऱ्यांत दहा लाखांच्या वर. आणि दिवाणजीला एक फेरी म्हणजे डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ नाही.”

“पण तो आत शिरला कसा?”

दाजींनी डोळे बारीक केले. “तारेतून. मी तारेला कान लावला, तर आत कुर्र कुर्र. वाशाला भुंगा भोक पाडतो ना, अगदी तसा. रात्रंदिवस कोरत होता बिचारा. आणि रविवारी आरपार.”

शलाकाने इथे निम्मं नाही, सगळंच वजा केलं. पण नोंदवहीचं अजून कळायचं होतं, म्हणून ऐकत राहिली.

“मग मी काय केलं? पहिल्यांदा तार उपटली, म्हणजे त्याला शेजारी जायला वाट नको. मग दिवाणजीला झोपवलं. पार बंद. यंत्रच बंद म्हटल्यावर यादी वाचणार कोण? मग त्याची सगळी पाटी पुसली आणि तुझ्या आईची डबी काढली.”

डबी म्हणजे एक छोटी डिस्क होती. दर गुरुवारी आई सगळ्या नोंदींचा बॅकअप (जपून ठेवलेली दुसरी प्रत) त्यात घ्यायची आणि तार काढून डबी कपाटात ठेवायची. तार जोडलेलीच ठेवली असती तर व्हायरस तिच्यातही शिरला असता.

“तीनशे एकोणनव्वद कलमं जशीच्या तशी परत आली,” दाजी म्हणाले.

शलाकाने मनात गणित केलं. तीनशे एकोणनव्वद अधिक तेवीस. “आणि माझी?”

झोपाळा थांबला. “तुझी शुक्रवारची. डबी गुरुवारची.”

दाजींनी त्यावर काही रंगवून सांगितलं नाही. शलाका डबा तिथेच ठेवून मागच्या दारी गेली. सावलीच्या जाळीखाली तिची तेवीस रोपं ओळीत उभी होती. पानं टवटवीत, बिल्ले गळ्यात. तीनशे नव्वद, तीनशे एक्याण्णव. ती वाकून एकेकाकडे बघत राहिली. दाजी मागून येऊन उभे राहिले.

“बांधलीस तू. हाताला आठवेल.”

पहिली नऊ विहिरीजवळच्या मादीची. ते नक्की, कारण तेव्हा आई शेजारी होती. पुढची पाच गोठ्यामागच्या मादीची. त्यानंतर कुंपणाजवळच्या नराच्या काड्या घेताना तिला ओंबील (झाडावरच्या तांबड्या मुंग्या) डसले होते, आणि ती तीनच घेऊन पळाली होती. एवढं आठवलं. मग संध्याकाळ झाली, आईने गावाला जायची पिशवी भरायला हाक मारली, आणि उरलेली सहा तिने घाईत बांधली. कुठल्या झाडाची, ते काही केल्या आठवेना.

आत येऊन तिने सतरा नोंदी दिवाणजीला सांगितल्या. सहांपुढे ‘माहीत नाही’ लिहायला सांगितलं.

“लिहिलं, ताई,” दिवाणजी म्हणाला. आता त्याचा आवाज जरा सुधारला होता.

“चार-पाच वर्षांनी ती सहा फुलं दाखवतील,” दाजी म्हणाले. “तेव्हा लिहू. तोवर ती विकायची नाहीत, आपल्याच परसात लावायची.”

“सहा झाडं माझी?”

“तुझीच. आता ओटीवर त्या पिवळ्याकडे चल.”

शृंगारतळीच्या नाक्यावर दाजींचं दुरुस्तीचं दुकान होतं, त्या दिवसांतला हा संगणकाचा खोका. चाळीस वर्षं माळ्यावर पडून होता. आत पालीची तीन अंडी निघाली. दाजींच्या म्हणण्याप्रमाणे तीनशे.

“चालू झाला?”

“पहिल्यांदा नुसता पिंपिं करायचा. मेमरीची पट्टी (यंत्राची हाताशी असलेली आठवण) काढली. तिच्या पिवळ्या दातांवर काट चढला होता. तुझं खोडरबर घेतलं आणि हलक्या हाताने घासलं.”

“माझं खोडरबर?”

“थोडं उरलंय. मग कुंचल्याने धूळ काढली, बटणाएवढी बॅटरी बदलली. बटण दाबलं तर पंखा असा फिरला, असा फिरला, की शेजारच्या वाण्यांच्या अंगणातली कोकमं उडून आपल्या खळ्यात.”

वजा, शलाका मनात म्हणाली. पण खोडरबराचं तिने वजा केलं नाही. पट्टीचे दात खरोखरच चकचकत होते.

“आता बघ. दिवाणजीला मी रीत शिकवली ती चुकीची नव्हती, अर्धी होती. अनोळखी माणूस आला तर आपण पाणी देतो. पण बसवतो कुठे?”

शलाका ज्यावर उभी होती तिकडे तिने बघितलं. “ओटीवर.”

“नाव-गाव विचारतो, काम विचारतो. ओळख पटली की मग माजघर. हा खोका म्हणजे दिवाणजीची ओटी. पत्र आधी इथे उतरतं. गाठोडं सोडायचं असेल तर इथेच सोडायचं. आत धिंगाणा घालणारा निघाला तर घालू दे, इथे मोडण्यासारखं आहे काय? माजघरात जातो तो फक्त लिहिलेला मजकूर, गाठोडं नाही. आणि रोज संध्याकाळी ओटी झाडून घ्यायची. म्हणजे खोका पुसून पुन्हा पहिल्यासारखा करायचा.”

एवढ्यात खोक्याला जोडलेल्या जुन्या पडद्यावर एक पत्र उतरलं. ‘अभिनंदन. तुमची निवड झाली आहे.’ खाली गाठोडं. आणि दिवाणजी नेहमी विचारायचा तोच प्रश्न, ‘उघडू का?’

दोघं बघत राहिले. काही झालं नाही. पंखा खरखरत होता. शलाकाने दहापर्यंत मोजलं, मग पन्नासपर्यंत. गाठोडं तसंच पडून.

“नुसतं बसलंय,” ती म्हणाली.

“तू सांगितल्याशिवाय कसं उघडेल?”

“उघड,” शलाका म्हणाली.

लगेच पडदा नकलांनी भरून गेला, एकावर एक, एकावर एक. पंखा ओरडायला लागला. माजघरात दिवाणजी शांतपणे म्हणाला, “ताई, बाहेर कोणी आलंय का?” दाजींनी बटण बंद केलं. सगळं शांत. खोका पुसून पुन्हा चालू केला, तर पडदा कोरा करकरीत.

शलाका हसायला लागली. “वाण्यांच्या माळ्यावरपण असा खोका आहे. सामंतांच्याही. आपण सगळ्यांना ओट्या करून देऊ या?”

“खोडरबरं लागतील बरीच.”

खाली वळणावर आईच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. दाजींनी घाईने सदरा झटकला आणि झोपाळ्यावर पहिल्यासारखी मांडी घातली.

“हे बघ, तिला मी सांगतो. तू नुसती मान हलवायची. तारेतल्या भुंग्यापासून सुरू करतो, म्हणजे तिला नीट कळेल की माणूस अशा वेळी काहीच करू शकत नाही...”

शलाका पडद्याकडे बघत होती. मग वळून दाजींसमोर येऊन उभी राहिली.

“दाजी, मी ‘उघड’ म्हणेपर्यंत ते गाठोडं हललंसुद्धा नव्हतं. रविवारी घरात तुम्ही एकटे होतात. तारेत भुंगाबिंगा काही नव्हता. दिवाणजीने तुम्हाला विचारलं, आणि ‘उघड’ तुम्हीच म्हणालात.”