चार-दहाचा फोटो

एक्स-रे विभागात नवा कॉम्प्युटर जोडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. हॉस्पिटलचे सगळे फोटो तळघरातल्या पाच सर्व्हरवर विखरून ठेवलेले असतात, प्रत्येकाच्या तीन प्रती. नव्या कॉम्प्युटरला सर्व्हरचे पत्ते द्यायचे, त्याची स्वतःची डिजिटल किल्ली बनवायची, की काम झालं. इथे डॉक्टरांना फोटो नुसते बघायचे होते, म्हणून किल्लीला वाचण्यापुरतीच परवानगी दिली. उगाच कोणावर विश्वास टाकायची मला सवय नाही.

शिवाय आज घाई होती. महिनाभर खोकणाऱ्या बायकोला कसंबसं राजी केलं होतं. चार वाजता तिच्या छातीचा फोटो निघणार होता आणि मनातून मी घाबरलेलोच होतो.

सकाळी अकराला नव्या कॉम्प्युटरवर साठवलेल्या फोटोंची यादी उघडली. सर्वांत वर तिचा पेशंट नंबर. आजची तारीख, वेळ चार-दहा.

घड्याळ चुकलं असणार. पाचही सर्व्हरची घड्याळं तपासली, सेकंदाचाही फरक नव्हता. मग फोटो कोणी ठेवला ते पाहिलं. याच कॉम्प्युटरवरून, मी वीस मिनिटांपूर्वी बनवलेल्या किल्लीने. त्या किल्लीने काही ठेवताच येत नाही.

"माझी फिरकी घेताय का?" मी एक्स-रे टेक्निशियनला विचारलं.

"साहेब, मला अजून पासवर्डसुद्धा दिला नाहीत," तो म्हणाला. त्याचं हसू मला आवडलं नाही.

फोटो उघडला. लहानपणी मोडून तिरकं जुळलेलं गळ्याजवळचं हाड तिचंच होतं. फुप्फुसं श्वासाने काठोकाठ भरलेली. माझ्या मुख्य किल्लीने तिन्ही प्रती पुसल्या आणि घरी फोन लावला.

"आज येऊ नकोस. मशीन बिघडलंय."

"महिनाभर डोकं खाल्लंस, आणि आता नको?" ती खोकत म्हणाली.

दिवसभर मी टेक्निशियनला नजरेआड होऊ दिलं नाही. पावणेचारला एक्स-रेच्या खोलीला कुलूप घालून चावी खिशात टाकली.

चार-दहाला तो माझ्यासमोर चहा पीत बसला होता.

यादीत फोटो परत आला.

मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"हॅलो? बरी आहेस ना?"

खोकला नव्हता. आवाज बारीक, दाबलेला.

"तूच मघाशी फोन करून सांगितलंस ना, श्वास रोखून धर म्हणून," ती कशीबशी म्हणाली. "आता सोडू का?"