नावेला बोट म्हणणारा

लिओटाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते हवेत, पाय वर, डोकं खाली.

अमेरिकेच्या वायव्येला, आमच्या लमी लोकांच्या किनाऱ्याची रीत अशी, की पाहुण्या नावाड्यांनी वल्ही उभी धरायची, आपलं गाव सांगायचं आणि उतरायची परवानगी मागायची. देवदाराच्या नावेला कुणी 'बोट' म्हटलं, तर त्याने पाण्यात उडी घ्यायची, हीसुद्धा रीतच. उत्तरेच्या बेटावरचा वेंडेल छाती फुगवून ओरडला, "आमची बोट—" आणि त्याच्या सख्ख्या मावशीनेच त्याला ढकललं. पाणी असं गार, की त्या दिवशी मासेसुद्धा शाली पांघरून हिंडत होते. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा.

लिओटाने घोंगडी पुढे केली. "काय पाहुणे, तुमच्याकडे पोहतच येतात वाटतं?"

"घोंगडी तूच देणार असलीस तर... रोज येईन."

चार दिवस तो तिच्या मामाच्या कामाजवळ रेंगाळला. मामा आणि लिओटा एका लांबलचक खांबावर ऑर्का, म्हणजे काळा-पांढरा शिकारी देवमासा, कोरत होते. वेंडेल ढलप्या गोळा करायचा. एक ढलपी उचलायला त्याला अर्धा तास लागायचा.

"कुठे नेणार हा खांब?"

"दक्षिणेला. आमची एक ऑर्का तिथे खेळ दाखवायच्या टाकीत कोंडलेली आहे. पिल्लू असताना नेली, पन्नास वर्षं झाली." तिने पटाशी थांबवली. "तिची आई अजून या खाडीत येते रे. पाण्याखालची आमची माणसं आहेत ती. आपलं माणूस परत मागायला जायचं, तर रिकाम्या हातांनी कसं जायचं?"

निघताना तो म्हणाला, "तिला घेऊन ये. मग मी येतो."

"आणि नाही आली तर?"

मावशीने हाक दिली, वल्ही पडली, नाव वळली...

खांब गाडीत घालून लिओटा मामाबरोबर दक्षिणेला गेली. गावोगावी लोकांनी त्यावर हात ठेवले. टाकीच्या भिंतीबाहेर उभी राहून ती गायली. भिंतीपलीकडून एक फुत्कार आला, एवढंच. हिवाळ्यात ती ऑर्का टाकीतच वारली.

पुढच्या उन्हाळ्यात लिओटाने तिच्या आईसाठी खाडीत जिवंत सामन मासे सोडले. म्हातारी आई आली, दोनदा वळली, एकटीच निघून गेली. त्याच दुपारी नावा दिसल्या. लिओटा गर्दीच्या मागे सरकली. आता तो कशाला येतोय?

"मी वेंडेल! ही आमची..." आवाज थांबला. मग सावकाश, अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा, "...बोट!"

या वेळी मावशीने हात लावला नाही. त्याने आपणहून उडी मारली.

छातीभर पाण्यात उभा राहून तो म्हणाला, "उतरू का?"

ती पुढे आली. "ती आली नाही, वेंडेल."

"कळलं. दुसऱ्या टाक्यांत अजून आहेत ना? खांबाच्या गाडीत... जागा आहे?"

"मामा घोरतो."

"मीही घोरतो. सांग ना, पाय गोठले!"

"गोठू देत. मी वर्षभर उभी होते."

सगळा किनारा हसला. मग ती कपड्यांनिशीच पाण्यात शिरली, घोंगडी डोक्यावर धरून. माणसं दोन भिजलेली, आणि तिने घोंगडी आणली होती एकच.