सोनाजीची हाळी

"म्हाताऱ्या मानसांनी फुडं बसा! साळूबाई, गाठोडं इसरू नगा! पिशोरवाले, चला...!"

औरंगाबादच्या स्टँडवरच्या कर्ण्यातून आवाज आला आणि चतुराच्या कपाळावर आठी उमटली. शहागंजातल्या मुलींच्या शाळेत ती मराठी शिकवायची आणि दर शनिवारी घरी पिशोरला जायची. होती शेतकऱ्याचीच लेक. पण पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तिनं 'मानूस', 'पानी' म्हटलं की अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. रडतकढत तिनं जीभ वळवली होती. तेव्हापासून असं बोलणं कानावर पडलं, की चारचौघांत पुन्हा आपलंच हसं होतंय असं तिला वाटायचं.

ती तरातरा चौकशीच्या खिडकीशी गेली. आत एक सावळा, हसऱ्या डोळ्यांचा तरुण बसला होता.

"मानसं नाही, माणसं! सरकारी कर्ण्यावर तरी नीट बोलावं."

"बाई," तो गंभीरपणे म्हणाला, "आमच्या घरचा 'ण' लहानपनीच मेंढरानं खाल्ला. आता काय करावं?"

तिला हसू फुटलं. ते तिनं दाबलं खरं, पण ज्यानं पाहायचं त्यानं पाहिलंच.

तो सोनाजी. मेंढपाळाचा मुलगा, मॅट्रिक झालेला, कामावर अजून हंगामी. मेंढरांना द्यावी तशी माणसांना नावानिशी हाळी द्यायचा. पुढच्या शनिवारी त्यानंच तिला थांबवलं. "बाई, ऐका बरं — बाण." तिनं मान डोलावली. मग दर शनिवारी ती त्याला एक शब्द द्यायची आणि तो घोकून परत करायचा.

"आज कोनता?"

"आठवण."

"हा... आठवडाभर सोबतीला बरा हाय."

चतुरा लाजली, आणि लाजल्याबद्दल स्वतःवरच चिडली. शनिवार यायला मात्र हल्ली फार वेळ लागत होता.

अशात नवे साहेब बदलून आले. त्यांनी फर्मान काढलं, कर्ण्यावर शुद्ध मराठीच हवी. जमत नसेल त्यानं घरी जावं. शनिवारी ते स्वतः ऐकणार होते. चतुरा तो आठवडा रोज शाळा सुटली की खिडकीशी हजर.

"नावं घेऊन हाका नाहीत. 'हाय' नाही, 'आहे'."

"अन् नापास झालो तर? मेंढरांमागं रानोमाळ... मंग शनिवार कुठला?"

"होऊ नका नापास," ती म्हणाली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

शनिवारी साहेब शेजारी उभे राहिले आणि सोनाजी बोलला, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. पिशोरला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे." एक चूक नाही! चतुराचा ऊर भरून आला.

पण पिशोरवाले जागचे हलेनात. साळूबाई गाठोड्यावर बसून निवांत तंबाखू चोळत होती.

"आजी, गाडीत बसायचं नाही का?"

"सोनाजीनं हाळी कुठं दिली अजून? ह्यो तर कुनी रेडूवाला बोलू ऱ्हायला."

"अहो, तोच तो!"

"नाय बाई. आमचा सोनाजी नाव घेऊन बोलावतो."

कंडक्टरनं घंटी मारली. रिकामी गाडी हलली, साहेबांच्या भुवया चढल्या. ठपका कुणावर येणार हे उघड होतं. चतुरा ताडकन पुढे झाली, आणि जे बोलणं तिनं पुण्यात पुरून टाकलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"साळूआज्जे, ऊठ की! कारभारीतात्या, गाडी चालली ना! पिशोरवाले, पळा...!"

अख्ख्या स्टँडनं वळून पाहिलं. तिच्याच वर्गातल्या दोघी पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. आपल्याला लाज वाटत नाही, याचंच चतुराला नवल वाटलं. पिशोरवाले धावले, गाडी थांबली आणि खच्चून भरली.

सोनाजी खिडकी सोडून बाहेर आला.

"साहेब म्हनले, आदी शुद्ध बोल, मागून तुझी हाळी दे. नोकरी ऱ्हायली." मग तो घुटमळला. "बाई... तुमी शेतीवाडीवाले, आमी मेंढरामागचे. तुमच्या घरी इचारायला आलो, तर...?"

बाबा भडकतील, आई रडेल, भावकी नावं ठेवील, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं गाडीचा दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला आणि वळली.

"बाबा लई वरडतील," ती म्हणाली. "तरी या तुमी. मी दारातच उभी ऱ्हाईन."