गुडघ्यांवरचे ओरखडे

कुंदनच्या इलेक्ट्रिक बाइकला आवाज नव्हता, ही त्याच्या बायकोची, रंजिताची तक्रार पहिल्या दिवसापासूनची. तो रोज विचुंब्याहून उलव्याला जायचा, बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून. फेब्रुवारीत एक माणूस मागे न बघता रस्त्यात आला आणि त्याला वाचवताना कुंदन आडवा झाला. कोपर सोलवटलं. त्याच रविवारी रंजिता त्याला ओढत पनवेलला अय्यूबभाईंच्या दुकानात घेऊन गेली आणि पॅडवालं जॅकेट, नी-गार्ड, ग्लोव्हज, तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट, सगळं घेतलं.

"मी काय लढाईवर निघालोय?" कुंदन हसला होता. पण रोज न चुकता घालायचा.

एप्रिलमध्ये एका सकाळी तो गेला तो परत आलाच नाही.

बाइक उलव्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला स्टँडवर नीट उभी सापडली. शेजारी जमिनीवर त्याचा सगळा पेहराव पडला होता. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली, ग्लोव्हजचे पट्टे मनगटावर घट्ट, हेल्मेटची क्लिप बंद.

"काढून ठेवून गेले असतील कुठेतरी," हवालदार म्हणाले.

"चेन न उघडता?" रंजिताने विचारलं. त्यांनी मान खाली घालून पंचनामा पुढे लिहिला.

काही दिवसांनी पोलिसांनी कपडे तिला परत दिले, बाइक मात्र ठेवून घेतली. तिने ते हॉलमधल्या खुंट्यांवर टांगले. लहान मुलाला झोपवावं तसं हळू.

तिसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या ऑफिसातून साडेपाचला घरी आली, तेव्हा उजव्या नी-गार्डवर एक ओरखडा होता. आधीचाच असेल, आपलं लक्ष गेलं नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. ग्लोव्हजचे तळवे खरबरीत झालेले, शिवणीत खडीची करडी भुकटी. कुलूप शाबूत होतं. चावी फक्त तिच्याकडे.

रंजिता परीक्षा विभागात होती. पडताळून पाहिल्याशिवाय ती काही मानत नसे. तिने रोज सकाळ-संध्याकाळ फोटो काढले. एकदा जुना मोबाइल समोर लावून चार तासांचं चित्रण केलं. चार तास जॅकेट हललंसुद्धा नाही. पहिल्या मिनिटाला नवे ओरखडे नव्हते, शेवटच्या मिनिटाला होते. मधे ते कधी उमटले, कितीही वेळा मागेपुढे केलं तरी सापडेना.

ती सगळं पिशवीत भरून अय्यूबभाईंकडे गेली.

त्यांनी नी-गार्डवरून बराच वेळ अंगठा फिरवला. "भाभी, हे कोण वापरतंय?"

"का?"

"गाडीवरून पडलेला माणूस खांद्यावर पडतो, कोपरावर पडतो. इथे खांदे कोरे आहेत. झिजलेत ते गुडघे आणि तळवे." त्यांनी ग्लोव्हज पालथे केले. "हा माणूस रांगतोय."

रंजिताने ग्लोव्हज परत पिशवीत घातले. मग तिने सगळ्यांत जाड नी-गार्ड मागितले. तळव्यांना कडक पट्ट्या असलेले ग्लोव्हज मागितले.

"त्याला लागत असेल हो," ती म्हणाली.

अय्यूबभाईंनी दोन्ही काढून दिले. सामान बांधून देताना फक्त "अल्ला खैर करे" म्हणाले.

नवे नी-गार्डही झिजू लागले. पण आता ती माती वाचायला शिकली होती. खडीच्या भुकटीनंतर खाडीचा काळा, खारट वासाचा चिखल आला. मग सुकं गवत. मग लाल मुरूम, विचुंब्याच्या नव्या रस्त्यावर टाकतात तसला. ती ऑफिसातून धावत येई, गुडघे हुंगून पाही, चिखल ओल्या फडक्याने पुसून काढी, फाटलेली शिवण पुन्हा घाली. कुंदन घरी येत होता. कसा, कशाच्या आत, हे तिने स्वतःला विचारलं नाही. पोलिसांना, आईला, कुणालाच सांगितलं नाही. वेड लागलं म्हणतील आणि कपडे काढून नेतील, एवढीच भीती.

मेच्या शेवटी एका संध्याकाळी जॅकेटच्या बाहीला पिस्ता रंग लागलेला दिसला. बिल्डिंगच्या जिन्याला त्याच आठवड्यात तो रंग दिला होता. अजून पुरता वाळलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी रंजिताने रजा टाकली. सकाळपासून तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या उघड्या दारात जिन्याकडे तोंड करून बसली. पाठीमागे खुंट्यांवर कपडे. तिने मुद्दाम मागे पाहिलं नाही.

भर दुपारी आवाज आला.

प्लास्टिक लादीवर घासावं तसा. खर्र. थांबून पुन्हा खर्र. पहिला मजला. दुसरा. मधे धाप लागल्यासारखी शांतता.

"कुंदन," ती म्हणाली. "दार उघडंच आहे. ये."

आवाज तिच्या मजल्यावर आला. तिच्यापासून हातभर अंतरावर. जिना रिकामा होता. पिस्ता रंगावर पाच बोटं ओढली गेली, एवढंच तिला दिसलं.

आवाज थांबला. जणू कुणी मान वळवून दाराकडे बघत होतं.

मग तो वर निघाला. आधीपेक्षा घाईने.

"कुंदन! अरे, घर इथे आहे!"

ती मागे धावली. चौथा मजला. त्यावर गच्चीचं दार, त्याला कुलूप. आवाज कुलुपाच्या पलीकडे गेला होता.

तिने सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथ यांचं दार बडवलं. ते चावी घेऊन तिच्यामागे आले. "वहिनी, सकाळीच डांबर मारून घेतलंय, पावसाआधीचं काम. ओलं आहे, पाय टाकू नका."

त्यांनी कुलूप काढलं. रंजिता उंबऱ्यावरच थांबली.

काळ्या, चकचकीत डांबरात गुडघ्यांच्या दोन ओळी होत्या, दोन्ही बाजूंनी तळवे उमटलेले. दारापासून निघून समोरच्या कठड्यापर्यंत सरळ. कठड्याच्या वरच्या चुन्यावर दोन काळे पंजे. पलीकडे ऊन, आणि चार मजले खोल हवा.

"कोण आलं होतं इथे?" दिनानाथ पुटपुटले. "हे तर दोघं आहेत."

तेव्हा तिने पाहिलं. गुडघ्यांच्या दोन ओळींच्या बरोबर मधून कुणाची तरी पावलं गेली होती. अनवाणी. अंतर सारखं. रांगणाऱ्याच्या मागे मागे, कसलीही घाई नसलेली. कठड्यापाशी ती थांबली होती.

आणि वळून परत आली होती.

रंजिताने मागे वळून खाली पाहिलं. शेवटचा ठसा तिच्या मागे होता, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, अजून ओला. बोटं खालच्या मजल्याकडे होती, तिने 'घर इथे आहे' म्हणून ओरडून दाखवलेल्या उघड्या दाराकडे.