शांत टायरांचा तिसरा संच

गाडीला शांत टायर हवेत, हे ह्यांनी टायरवाल्याला तीनदा सांगितलं. एकदा माणसासारखं, एकदा साहेबासारखं आणि एकदा तो बहिरा असल्यासारखं. टायरवाला चिंधीला हात पुसत ऐकून घेत होता.

"साहेब, तुमच्या गाडीचं इंजिन मुळात ऐकूच येत नाही," तो म्हणाला. "म्हणून टायर ऐकू येतात. एक आवाज घालवला की त्याच्या मागचा वर येतो."

"मग तोही घालवा."

मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, तोंड मिटून. सकाळच्या आंघोळीपासून दुपारच्या जेवणापर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. माझ्या सगळ्या व्रतांमध्ये ह्यांना तेवढं एक मनापासून आवडतं.

गाडी काळी, लांबलचक. दार लावलं तर उशीवर उशी ठेवल्यासारखा आवाज. ह्यांनी ती घेतली तेव्हा आठवडाभर सोसायटीत सगळ्यांना दार लावून दाखवलं होतं. आता त्या गाडीत काहीतरी कुजबुजतं, अशी ह्यांची तक्रार होती. ते गाडी चालवताना मांडीवर फोन ठेवून आवाज मोजायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. वाचताना आकडा वाढायचा, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

कुजबुज सुरू होऊन दोन महिने झाले होते. सासूबाईंना वृद्धाश्रमात पोचवून आलो त्यालाही दोनच महिने. मी हा हिशेब बोलून दाखवला नाही. ह्यांना तो सुचलाच नाही.

पोचवायला निघालो त्या सकाळी आई मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसल्या होत्या, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. वळणावर त्यांनी विचारलं, "सूनबाई, आपण कुठे चाललोय गं?"

मी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. माझं मौन त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. पाचव्यांदा हे म्हणाले, "येईलच आता, आई. जरा गप्प बस."

त्या गप्प बसल्या. तेव्हापासून त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले. म्हणाले, वयामुळे होतं. हे म्हणाले, "चला, निदान तक्रार तरी नाही." व्रत मोडलं नाही म्हणून मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. तेही लिहून ठेवते.

पहिले नवे टायर मऊ रबराचे होते. घरघर गेली, कुजबुज राहिली. पंधरा दिवसांत दुसरा संच आला, त्याला आतून फोमचा थर. आता कुजबुजीला चढउतार आले. प्रश्न संपताना जसा आवाज वर जातो, तसा.

"पुढच्या डाव्या चाकातून येतंय," हे म्हणाले. आवाज आमच्या पाठीमागून येत होता. पण एवढा शिकलेला माणूस मान वळवून बघायला तयार नव्हता. चाकावर आळ घेणं सोपं होतं.

तिसऱ्या खेपेला टायरवाला एकटाच गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. उतरला आणि मागचं दार उघडून आत पाहिलं.

"साहेब, मागे कुणी म्हातारं माणूस बसतं का?"

"तुला टायर विकायचेत की चौकशा करायच्यात?"

त्याने तिसरा संच काढला. दुकानातला सगळ्यात शांत. चाकं तोलली, हवा मोजून भरली. हे चाकांभोवती दोनदा फिरले, नवरदेवाचे बूट पाहावेत तसे.

त्या रविवारी आश्रमाकडे निघालो. रस्ता गुळगुळीत होता. टायर खरंच शांत होते. ह्यांच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती.

वळण आलं.

"सूनबाई, आपण कुठे चाललोय गं?"

स्वच्छ. माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर. मी वळून पाहिलं. सीट रिकामी होती. डाव्या बाजूला कातडं जरासं दबलेलं होतं, इतकंच.

ह्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "परत करीन हे टायर," ते पुटपुटले. "पैसे वाजवून परत घेईन."

"सूनबाई, कुठे चाललोय गं?"

गाडीतल्या घड्याळात दहा चाळीस झाले होते. अकरा वर्षांचं मौन मी मोडलं.

"घरी, आई. घरी चाललोय."

खोटं सांगायचं म्हणून सांगितलं नाही. आज त्यांना घेऊनच यायचं, असं त्या क्षणी माझ्या मनात पक्कं होतं.

आवाज थांबला. पुढचा सगळा रस्ता काहीच ऐकू आलं नाही. ह्यांचा चेहरा खुलला. मी बोलले कशी, हेही त्यांनी विचारलं नाही. "बसले बघ टायर. जरा चालवावे लागतात."

आश्रमात आई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पायांत बाहेरच्या चपला, मांडीवर पर्स, पायाशी बांधलेली पिशवी.

"पावणेअकरा वाजल्यापासून तयार होऊन बसल्यात," तिथली बाई म्हणाली. "कुणाचा फोन आला होता का?"

मी ह्यांना बाजूला घेतलं. "आज आईंना घरी नेऊ या."

"कुठे ठेवणार? तिच्या खोलीत तुझे देव आहेत ना? तूच मांडलेस."

खरं होतं. आई आश्रमात गेल्याच्या तिसऱ्याच दिवशी मी तिथे देव मांडले होते. सकाळचं ऊन छान येतं. देव हलवते, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. मौन तर आधीच मोडलेलं होतं. मी बोलले नाही.

आम्ही निघालो तेव्हा आई खुर्चीतून उठल्या होत्या.

दुपारी ताटं वाढली आणि "या जेवायला" म्हणायला तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. संध्याकाळी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी एकटीच गेले, डॉक्टरांनी घसा तपासला. ह्यांनी दोन दिवसांनी दखल घेतली. "दिवसभराचं केलंस का मौन? चांगलं आहे. घर कसं शांत वाटतं."

म्हणून हे लिहून काढते आहे.

काल पुन्हा टायरवाल्याकडे गेलो. कुजबुज परत आलीये आणि वाढलीये, हे म्हणाले. टायरवाला गाडी घेऊन गेला, या खेपेला बराच वेळ आला नाही. आल्यावर त्याने ह्यांना किल्ली दिली. "याच्याहून शांत टायर बनत नाही, साहेब." हे फोन लावत बाहेर गेले, दुसरं दुकान शोधायला.

तो माझ्या खुर्चीजवळ आला.

"वहिनी, तुम्ही बोलत नाही, माहितीये मला. फक्त ऐका. मागे त्या आजी विचारतात ना, त्यांना हल्ली कुणीतरी उत्तर देतं. घरी, आई, घरी चाललोय. सारखं तेच. बाईचा आवाज आहे, अगदी मऊ."

त्याने चिंधीची घडी केली.

"आजींचा विश्वास बसत नाहीये."

माझा आवाज त्याने आजवर एकदाही ऐकलेला नाही.